आदरापोटी काढलेला आवाज

सकाळच्या चहाबरोबर मी एक गाणं ऐकायचो. पूर्ण नाही, नुसती सुरुवात. गाणं वीसेक मिनिटांचं आहे आणि पहिलं दीड मिनिट सोडलं तर मला ते मुळीच आवडत नाही. त्या दीड मिनिटात एका बाईचा आवाज आहे आणि टाळ्या आहेत, बाकी काही नाही. मग ड्रम आदळतात, गिटार कोकलायला लागतं, आणि तिथं मी फोनवर बोट ठेवून ते बंद करायचो. ती बाई म्हणजे माझी बायको. टाळ्या माझ्या.

प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचा एक प्रकार आमच्या तरुणपणी इकडे फार जोरात होता. लांबच्या लांब गाणी, एका गाण्यात चार-पाच भाग, मध्येच लय बदलणार, मध्येच कुणी पुटपुटणार. हे गाणं त्यातलं अगदी नावाजलेलं. रेकॉर्डची एक अख्खी बाजू त्यानं व्यापली होती. त्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली आहेत, विद्यापीठात पोरं त्याच्यावर निबंध लिहितात, आणि दर काही वर्षांनी त्याची जन्मकथा नव्यानं छापून येते. ती जन्मकथा पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत खोटी आहे. ते गाणं इथं कॅनडात, हॅमिल्टनमध्ये, आमच्या भाड्याच्या बेसमेंटमध्ये, गणपतीच्या आरतीतून निघालं.

छापील कथा अशी. बँडमधला गिटारवाला म्हणे मनःशांतीसाठी भारतात गेला होता. एका नदीकाठी आजारी पडला. पहाटे त्याला पांढऱ्या साडीतली एक बाई पाणी भरताना गाताना ऐकू आली, त्यानं ते जवळच्या यंत्रावर टिपून घेतलं, आणि ताप उतरला तेव्हा डोक्यात आख्खं गाणं तयार होतं. ऐकायला किती छान. त्या दिवसांत हा गृहस्थ फार तर सीमेपलीकडच्या बफेलोपर्यंत गेला असेल. माझी बायको जन्मात पांढरी साडी नेसली नाही, आणि पहाटे उठण्याचं तर तिच्यापुढे नाव काढायची सोय नव्हती. इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिनं जन्मभर रक्त तपासलं, आणि सकाळची ड्यूटी लागली की घरात भांडी आपटायची. नदीकाठी पाणी भरणारी ही बाई.

आम्ही आलो तेव्हा मी स्टीलच्या कारखान्यात लागलो होतो. धातुशास्त्रातला इंजिनिअर, पण शिफ्ट चुकली नव्हती. घरमालक इटालियन होता. त्यानं बेसमेंट आम्हाला दिलं आणि वरचा मजला चार केसाळ पोरांना. ही पोरं दिवसा झोपायची आणि दुपारनंतर वाजवायची. जुन्या घरात हीटिंगचे पत्र्याचे डक्ट असतात, जमिनीतल्या जाळीतून गरम हवा येते. त्या डक्टमधून हवेबरोबर आवाजही येतो, वरचा खाली आणि खालचा वर. त्यांचं भांडण आम्हाला कळायचं, आमचं त्यांना. आमचं निदान मराठीत असायचं.

पहिल्या सप्टेंबरात तिनं गणपती बसवायचा ठरवला. गावात तेव्हा मराठी घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात निम्मे डॉक्टर. मूर्ती म्हणजे तिनं ट्रंकेत आणलेला पितळी गणपती. झांजा नव्हत्या, म्हणून स्टीलची ताटली आणि चमचा. सगळे पुरुष सुटाबुटात आले आणि दाराशी मोजे सावरत उभे राहिले. आरती सुरू झाली तसं लक्षात आलं की आपापल्या गावची चाल प्रत्येकानं बरोबर आणली आहे. नागपूरचे डॉक्टर एका चालीत, पुण्याचे प्राध्यापक दुसऱ्या, आणि दोघेही आपलीच खरी म्हणून आवाज चढवत होते. त्यांना गप्प करायला तिनं एक वेगळीच आरती काढली. तिच्या माहेरच्या, कोकणातल्या ग्रामदेवीची. ती कुठल्या छापील आरतीसंग्रहात नाही, त्यामुळे कुणाला येत नव्हती, त्यामुळे कुणाला चुकवताही येत नव्हती. सगळ्यांनी निमूट टाळ्या वाजवल्या.

म्हणजे, मी सोडून. मला टाळीचं अंग नाही. लहानपणी मला आरतीत घंटासुद्धा देत नसत. ओळ संपली की सगळ्यांची टाळी पडते, आणि मग माझी पडते. हे तिला लग्नाच्या पहिल्याच गणपतीत कळलं होतं. तर ती काय करायची, ओळीचं शेवटचं अक्षर जरा ओढून धरायची. माझी टाळी येईपर्यंत. मग पुढची ओळ. ही तिची सवय झाली, आणि हळूहळू बाकीचे लोकही तिच्याबरोबर थांबायला लागले, त्यांना वाटलं कोकणात असंच असतं.

त्या गाण्यातली ती जगप्रसिद्ध जास्तीची मात्रा म्हणजे ही. तिच्यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. कुणी तिचा संबंध वेदांशी लावलाय, कुणी ताऱ्यांच्या गतीशी, एका विद्वानानं तर आकृती काढून गणित मांडलंय. आमच्या मुलीनं कॉलेजातून ते मासिक आणलं होतं. तिच्या आईनं स्वयंपाकघरात उभ्यानं ते मोठ्यांदा वाचलं आणि हसून हसून तिला खुर्चीत बसावं लागलं. "अहो, ही तुमची मात्रा," ती म्हणाली. तोवर मलाही कोकणातलीच वाटत होती.

आणि फक्त मात्राच नाही. घरची आरती कशी चालते ते आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आधी संथ. मग दुसरी-तिसरी आरती, जरा चढी. मग सगळे जागच्या जागी गिरकी घेतात तो भाग, तिथं लय अशी पळायला लागते की म्हाताऱ्यांना भिंत धरावी लागते. आणि शेवटी मंत्रपुष्प, त्याला तालच नाही, हातात फुलं धरून सगळे एका सुरात बोलतात. आता ते गाणं ऐका. संथ, चढं, पळतं, आणि शेवटी तालाशिवाय बोलणं. विद्वानांनी या चार भागांना जन्म, संघर्ष, विलय आणि मुक्ती अशी नावं दिली आहेत. विलय म्हणे. त्या विलयात आमचे प्राध्यापक हीटरवर आपटले होते.

पोरांनी हे सगळं डक्टमधून ऐकलं. पुढच्याच आठवड्यात वरून टुण टुण करत आमची आरती गिटारवर यायला लागली, चुकत माकत. मला ते भूत अंगात आल्यासारखं वाटायचं. मग एका रविवारी चौघं खाली आली. बूट दाराबाहेर काढलेले, केस पाणी लावून बसवलेले. गिटारवाल्यानं मला सर म्हटलं. त्यांना माझ्या पत्नीचा आवाज टेप करायचा होता, आणि त्यासाठी माझी परवानगी हवी होती.

हे मी आजवर किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही, कारण मला ते सांगायला आवडायचं. मी पेपराची घडी घातली. चौघांना बसवलं. कुणाचे वडील काय करतात, शिक्षण कुठवर झालंय, पुढे काय करणार, सगळं विचारलं. ती स्टोव्हपाशी आमच्याकडे पाठ करून उभी होती आणि तिची पाठ थरथरत होती. लाजली असणार, असं मी समजलो. मी अटी घातल्या. दार उघडं राहील, मी हजर असेन, माझ्या शिफ्टच्या आधी आटपायचं, आणि देवीची आरती आहे तेव्हा कुणी सिगरेट ओढायची नाही. पोरांनी माना डोलावल्या. तेव्हा मी दिली परवानगी.

टेपिंगच्या वेळी मात्र माझं कुणी ऐकेना, सगळं तिनंच हातात घेतलं. ड्रमवाल्याला तिनं आधी हात धुवायला लावले. तो मोठा पोरगा होता, तिच्या दीडपट, पण गेला निमूट. गिटारवाला ओळीच्या शेवटी थांबेना, तर तिनं त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवून त्याला थांबवलं. पुन्हा, पुन्हा, पुन्हा. बरोबर जमेपर्यंत दुसरा मोदक मिळणार नाही अशी त्याला तंबी होती. तळणीचे मोदक होते, उकडीच्या पिठाची तेव्हा इथं वानवा. टाळीला मला उभं केलं. मी म्हटलं, माझी चुकते. ती म्हणाली, चुकू दे.

एवढं सगळं मी का सांगतोय, तर त्या दिवशी त्या खोलीत कुणी कुणावर अन्याय केला नव्हता. तिला विचारलं होतं, मला विचारलं होतं, ती हौसेनं गायली होती. रेकॉर्ड आली तेव्हा तिचं नाव कुठं नव्हतं. मला ते खटकलं होतं. तिला नाही. नदीकाठची कथा छापून आली तेव्हाही मी पत्र लिहायला बसलो होतो, तर ती म्हणाली, राहू द्या, गाण्यात मी आहे ना, मग झालं. मॉलमध्ये, डेंटिस्टकडे, कुठंही ते गाणं लागलं की ती माझ्या हातावर दोन बोटं ठेवायची. बस, एवढंच. पन्नास वर्षांत याहून जास्त काही तिनं मागितलं नाही.

ती गेली. आणि आता यंदा त्या गाण्याची नवी आवृत्ती निघाली. वर्धापनदिनाची, आवाज नव्यानं घासूनपुसून. एका सकाळी मी चहा घेऊन बसलो, फोनवर गाणं लावलं, आणि ती नव्हती.

आधी वाटलं फोन बिघडला. मग कानातलं यंत्र काढून पुन्हा घातलं. मग पुन्हा लावलं. तिच्या जागी एक लांब गुणगुणणारा सूर घातला होता, फ्रिजचा येतो तसला. पण टाळ्या होत्या. टाळ्या ठेवल्या होत्या. हल्ली म्हणे यंत्रानं एकातून एक आवाज वेगळा काढता येतो, तांदळातला खडा काढावा तसा. तर तिला काढलं आणि मला ठेवलं. कुणीच गात नाही, आणि एक माणूस एकटाच भलत्या जागी टाळ्या वाजवतोय. दर ओळीला गाणं त्याच्यासाठी थांबतंय. मला इतका राग आला की कप ठेवायला टेबल सापडेना.

जुनी आवृत्ती रेकॉर्ड कंपनीनं फोनवरून काढून टाकली होती. खाली कंपनीची टीप होती, मुलीनं मला ती वाचून दाखवली. मूळ ध्वनिमुद्रणात एका अज्ञात भारतीय स्त्रीचा आवाज तिच्या संमतीविना वापरला गेला असण्याची शक्यता आहे, सबब त्या स्त्रीविषयीच्या आदरापोटी तो या आवृत्तीत ठेवलेला नाही.

आदरापोटी. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. असला आदर करण्यापेक्षा शिव्या द्या की. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, पण इथं झोपा करायला बैल गोठ्यातून हाकलून दिलाय. आणि अज्ञात कोण? या गावात तिला ओळखत नाही असा माणूस शोधावा लागेल. अर्ध्या हॅमिल्टनचं रक्त तिनं तपासलंय. बसमध्ये लोक तिला आपले बीपीचे आकडे सांगायचे. ती अज्ञात झाली ती यांच्या नदीमुळे. आधी स्वतःच माणसाचं नाव पुसायचं, मग नाव सापडत नाही म्हणून माणूस पुसायचा, आणि वर आरशात बघून आपण किती सज्जन म्हणून मान डोलवायची.

माझी मुलगी इथंच एका शाळेत प्रिन्सिपल आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर इंग्रजीत. ती माझ्यावर रागावली नाही, समजूत घालायला लागली, आणि ते मला जास्त झोंबलं. "बाबा, आय नो इट हर्ट्स. बट दे आर ट्राइंग टू डू द राइट थिंग," ती म्हणाली.

राइट थिंग करायची तर आधी माणसाला फोन करायचा असतो, असं मी म्हणालो. तर म्हणे त्यांना कुणाला फोन करायचा हेच माहीत नाही. ज्याला माहीत आहे तो गिटारवाला जिवंत आहे, अजून कार्यक्रम करत फिरतोय, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली की ती मला जुनी रेकॉर्ड शोधून आणून देईल, ऑनलाइन मिळतात, प्लेअरसुद्धा आणू. मी ओरडलो तिच्यावर. मला ती घरात कपाटात ठेवायला नको होती. घरात तिचे फोटो आहेत, साड्या आहेत. ती गाण्यात होती, जगात वाजत होती, परक्या पोरांच्या कानात जात होती, आणि तिथं ती परत हवी होती. मुलगी म्हणाली, "ओके, ओके, ब्रीद." शाळेतल्या दंगेखोर पोरांना म्हणते तसं.

कंपनीला मी ईमेल केल्या. उत्तर आलं की तुमचा संदेश आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. दुसऱ्याही ईमेलला तेच आलं, स्वल्पविरामासकट. चिडून मी तिसरी पाठवली नाही.

मग कळलं की गिटारवाला गावात येतोय. डाउनटाउनमधल्या हॉलमध्ये त्याची मुलाखत, विषय त्या गाण्याची जन्मकथा. रविवारी दुपारी, बर्फ पडत असताना, मुलीनं मला गाडीत घातलं. वाटेत तिनं वचन मागितलं की मी ओरडणार नाही. मी दिलं नाही.

हॉल भरलेला. सगळे माझ्याच वयाचे, पांढऱ्या शेंड्या बांधलेले, पोटावर ताणलेले काळे टीशर्ट. मुलाखत घेणारी विद्यापीठातली एक तरुण प्राध्यापिका होती, बोलायला मृदू. आणि तो. डोक्यावर केस राहिले नव्हते, पण गुडघा हलवत बसायची पद्धत तीच. नदी आली. ताप आला. पांढरी साडी आली. लोक डोळे मिटून ऐकत होते. मग प्राध्यापिकेनं नव्या आवृत्तीचा विषय काढला आणि आवाज वगळण्याच्या निर्णयाला धाडसी म्हटलं. तो खाली बघत म्हणाला की त्या काळी आम्ही तरुण होतो, विचारायला हवं होतं असं आमच्या लक्षातच आलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या नम्रपणाला. मी उभा राहिलो. मुलीनं कोट ओढला, तो मी तिच्या हातात राहू दिला.

प्रश्नांची वेळ अजून झाली नव्हती, पण म्हातारा माणूस उभा राहिला की कुणी ना कुणी माइक आणतंच. मी म्हणालो की ती बाई माझी पत्नी होती, घर याच गावात होतं, इथून गाडीनं दहा मिनिटांवर, तिथं नदी नाही. आणि तिला विचारलं होतं.

तो माझ्याकडे बघत राहिला. प्राध्यापिका फार हळुवारपणे म्हणाली की माझं दुःख तिला समजतं, आणि ते इथं मांडल्याबद्दल ती माझी आभारी आहे. दुःख. मी दुःख मांडायला आलो नव्हतो, मी भांडायला आलो होतो. मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याला विचारलं, "त्या दिवशी तिनं तुला काय खायला दिलं होतं?"

त्याचा गुडघा थांबला. मला वाटलं, म्हणणार की आठवत नाही. तसं म्हणाला असता तर मी तिथं काय केलं असतं, देव जाणे.

"लसूण," तो म्हणाला. "म्हणजे, दिसायला लसूण. तळलेला. आत खोबरं. मी पहिल्यांदा सोलायला गेलो होतो." लोक हसले. तो हसला नाही. "नीट वाजवल्याशिवाय दुसरा देत नव्हती."

एवढं तोंडून गेल्यावर त्याला नदीकडे परतायला वाट राहिली नाही. तो माइक तोंडापासून लांब धरून बसला, मग जवळ घेतला. नदी त्या वेळच्या मॅनेजरची कल्पना, असं त्यानं सांगितलं. हॅमिल्टनच्या बेसमेंटमधलं गाणं कोण घेणार, भारतातलं म्हणा. आधी एकदा सांगितलं, तो म्हणाला, मग दरवर्षी सांगत गेलो, आणि यंदा कंपनीनं जेव्हा विचारलं की ही बाई कोण, तेव्हा इतक्या वर्षांनी काय तोंडानं सांगणार, म्हणून गप्प राहिलो. लोकांत चुळबुळ सुरू झाली. मला वाटलं, झालं. आता त्यानं एकच वाक्य म्हणावं, की आम्ही तिला विचारलं आणि ती हो म्हणाली, आणि मी घरी जाईन. ते वाक्य मी त्याच्याकडे मागितलं, सरळ. सगळ्यांसमोर सांग, की तुम्ही तिला विचारलं होतं.

"नाही," तो म्हणाला. "आम्ही नव्हतं विचारलं."

माझ्या हातातला माइक त्याच्या डोक्यात घालावा असं मला वाटलं, हे मी लपवत नाही.

"ती वर आली होती," तो म्हणाला. "तुम्ही कामावर होता. आम्हाला वाटलं आवाजाची तक्रार घेऊन आली. तशी ती तक्रारच होती. म्हणाली, माझं गाणं तुम्ही चुकीचं वाजवताय. मग अॅम्प्लिफायरवर बसली आणि आख्खं गाऊन दाखवलं. आम्ही चौघं गार. आणि जाताना दारात उभी राहून म्हणाली, हे मला तुमच्या गाण्यात घ्या. मला त्यात असायचंय. मी म्हटलं, हो, नक्की. तर म्हणाली, मग रविवारी खाली या आणि माझ्या नवऱ्याला विचारा. बूट काढा, सर म्हणा. त्याला विचारलेलं आवडतं."

हॉल हसला. मागच्या रांगेतले पांढऱ्या शेंड्यांचे म्हातारे तर मांड्या थोपटून हसले. माझी मुलगी माझा कोट छातीशी धरून हसत होती आणि तिचे डोळे वाहत होते. मी उभाच. मला भयंकर राग आला होता, आणि या खेपेला तो कंपनीवर नव्हता, गिटारवाल्यावर नव्हता. तिच्यावर होता. पन्नास वर्षं मी ती पेपराची घडी, त्या अटी, ते 'दिली परवानगी', पाहुण्यांना रंगवून सांगत आलो आणि ती शेजारी बसून ऐकत आली. एकदाही बोलली नाही. आणि मी इकडे जगाशी भांडत होतो की ती हो म्हणाली, ती हो म्हणाली. हो कुठलं. हो म्हणायला कुणी आधी विचारावं लागतं. ही स्वतः जिना चढून गेली होती.

म्हणजे यांनी काढून टाकलं ते तिचं संमतीचं अक्षर नव्हतं. तिनं आयुष्यात स्वतःहून मागून घेतलेली एक गोष्ट होती ती. ती यांनी काढली, आणि आदरापोटी काढली. हसणाऱ्या लोकांचा मला वीट आला.

प्राध्यापिकेनं हात वर करून सगळ्यांना शांत केलं. तिचाही आवाज बदलला होता. ती मंचावरून खाली उतरून माझ्या रांगेपर्यंत आली. म्हणाली, हे सगळं ती कंपनीला लिहून कळवेल, आणि गिटारवाल्यानं मंचावरूनच मान हलवली की तो सही करेल. आवाज परत घालता येईल. फक्त एक गोष्ट, ती म्हणाली. पत्नी आता नाहीत, तेव्हा कुटुंबातर्फे, पती म्हणून, तुम्ही परवानगी द्याल का?

सगळे माझ्याकडे बघत होते. सवयीनं माझी मान ताठ झाली, मी घसा खाकरला, आणि अटी ओठांवर आल्यासुद्धा.

"मला विचारू नका," मी म्हणालो. "तिनं सांगितलंय ना तुम्हाला."